पहिले सत्र आणि रुग्णसेवा

बारावीचा निकाल लागून मुलांचे प्रवेश झाले, की बडोद्यातील आपल्या मराठी घरांतून दोन प्रश्न हमखास आमच्याकडे येतात. पहिला शिष्यवृत्तीचा. त्याचे उत्तर आमचे चिटणीस देतात. दुसरा अलीकडे वाढला आहे : "मुलीला दवाखान्यात सेवा करावयाची आहे म्हणते, पाठवावी का?" विचारणाऱ्या आईच्या स्वरात कौतुक असते आणि धास्तीही असते. या दुसऱ्या प्रश्नास घाईने उत्तर देणे बरे नव्हे, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहीत आहो.

आमचे मत असे, की अवश्य पाठवावे. पण कॉलेजचे पहिले पाच-सहा आठवडे जाऊ द्यावेत आणि नंतरही आठवड्यास चार तासांवर जाऊ नये.

चार तास हा आकडा आम्ही हवेतून काढलेला नाही. गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६९ मध्ये, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तीत विद्यार्थ्याने वर्षाकाठी १२० तास काम करावे अशी अपेक्षा असते. एका सत्रास ते ६० पडतात, आणि सत्राचे शिकविण्याचे आठवडे पंधरा धरले तर आठवड्यास चार. आता दुसरी बाजू पाहा. चार श्रेयांकांच्या एका विषयाची सत्रात ६० व्याख्याने होतात. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरी लागते. म्हणजे चुकवता येतात ती फार तर पंधरा. पावसाळ्यात डेंग्यूने दोन आठवडे अंथरूण धरले, तर त्यांतली आठ गेलीच. उरलेल्या सातांत बहिणीचे लग्न, गणपती आणि नवरात्रातील जागरणे बसवावयाची! रुग्णसेवेसाठी तास बुडविण्यास येथे जागाच उरत नाही. सेवा करावयाची ती तासांच्या बाहेर.

पहिल्या सत्राचा खरा भार मात्र हजेरीचा नसून भाषेचा असतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. तेथील अध्यापन इंग्रजीतून चालते. आपल्या मुलांची घरची भाषा मराठी, रस्त्यावरची गुजराती, आणि पुष्कळांची शाळाही गुजराती माध्यमाची. अध्यापक काय म्हणाले ते समजते, पण वहीत उतरवून घेईतो पुढचे वाक्य निघून गेलेले असते. शाळेत नव्वद टक्के मिळविलेली मुलगी पहिल्या चाचणीत काठावर पास होते आणि घरी कोणाशी बोलत नाही. हे आम्ही दरवर्षी पाहतो. दिवाळीपर्यंत कान सरावतो आणि गाडी रुळावर येते; परंतु त्याआधीचे दिवस कठीण असतात. या दिवसांत ज्यास घरी चार शब्द बोलण्याची सोय आहे तो तरतो. आईबापांनी गुणांची चौकशी कमी करून जेवणाची अधिक करावी, एवढेच आमचे त्यांस सांगणे.

अडचण अशी, की नेमक्या याच महिन्यांत, आषाढापासून आश्विनापर्यंत, रुग्णालयांतूनही गर्दीचा कळस असतो. ताप, मलेरिया, जुलाब यांची हीच वेळ. तेथे गेलेल्या मुलास उठून निघवत नाही. आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याचे असेच झाले. तो जुलैपासून रोज दुपारी एका वॉर्डात जाऊ लागला. तेथील एक वृद्ध रुग्ण, ज्याचे कोणी भेटीस येत नसे, त्याच्याच हातून जेवू लागला. सप्टेंबरात प्रयोगशाळेतील हजेरी कमी भरली, घरी पत्र आले, आणि वडिलांनी जाणे एका दिवसात बंद केले. मुलाने परीक्षा कशीबशी गाठली. पण त्या वृद्धाने दोन दिवस ताटाला हात लावला नाही, असे तेथील सिस्टरांनी नंतर सांगितले. "येऊच नको असे आम्ही म्हटले नसते, पण सांगून गेला असता तर बरे झाले असते," हे त्यांचे शब्द. जो रोज येतो त्याची रोग्यास सवय लागते. जो शनिवारीच येतो, त्याची रोगी शनिवारीच वाट पाहतो.

आता तेथे काम काय करावयाचे? पुष्कळांस वाटते, की इंजेक्शन किंवा मलमपट्टी. तसले काहीही नव्हे; अशिक्षित हाताने ते करूही नये. काम कागदांचे आणि बोलण्याचे असते. सयाजी हॉस्पिटल विद्यापीठापासून विश्वामित्रीचा पूल ओलांडून चालत जाण्याजोगे आहे. तेथे छोटाउदेपूर, दाहोद, शिवाय मध्यप्रदेशातील अलिराजपूर-झाबुआकडून माणसे येतात. केस पेपर कोणत्या खिडकीवर काढावा, क्ष-किरण कोठे, रक्ततपासणीचा कागद कधी मिळेल, हे त्यांस हात धरून दाखविणारा कोणी हवा असतो. ज्या मुलास मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही येतात, तो येथे फार उपयोगी पडतो. वर्गात जी भाषांची ओढाताण त्यास लाजविते, तीच येथे त्याची कमाई ठरते.

आयुष्मान योजनेचे काम तर प्रत्येकाने शिकून घ्यावे. ही योजना २०१८ मध्ये सुरू झाली. वर्षास कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची तीत तरतूद आहे, आणि गुजरातने २०२३ पासून ती मर्यादा दहा लाख केली. पण रेशनकार्डावर एक नाव आणि आधारकार्डावर दुसरे असले, की कार्ड अडते. कमळाबाई एकीकडे कमलाबेन झालेली असते. हे आधीच ध्यानात आणून देणारा स्वयंसेवक रोग्याची एक खेप वाचवितो, आणि ज्याची मजुरी रोजाची आहे त्याला खेप म्हणजे दिवसाची भाकरी.

प्रकृतीविषयी दोन शब्द. कावीळ-ब ची लस लहानपणी घेतली आहे की नाही ते कार्डावर पाहावे. नसल्यास पहिली मात्रा, महिन्याने दुसरी आणि सहाव्या महिन्यास तिसरी घ्यावी लागते. यास्तव प्रवेशाच्याच आठवड्यात प्रारंभ करणे चांगले. पडलेली सुई उचलू नये, सिस्टरांस सांगावे. खोकल्याच्या रोग्याजवळ मुखपट्टी लावावी. घरी येताच साबणाने हात धुवावेत, तेही निदान चाळीस सेकंद. नळाखाली नुसते ओले करून नव्हे. रक्तदानाची हौस अनेकांस असते, पण त्यास वय १८ पूर्ण आणि वजन किमान ४५ किलो लागते. पहिल्या सत्रातील कित्येक मुले सतराचीच असतात. त्यांनी वर्षभर थांबावे आणि तोवर शिबिरात नावे लिहून घेण्यास बसावे.

रोग्याचे छायाचित्र काढून मोबाइलवरून मित्रांस पाठविणे हा प्रकार आम्हांस अत्यंत नापसंत आहे. शेजारच्या खाटेवर कोणास काय झाले आहे, हे घरी जेवतानासुद्धा सांगू नये. आपला समाज लहान आहे, आणि लग्नाळू मुलीचा क्षयरोग औषधांनी पुरा बरा झाला तरी लोकांच्या तोंडून बरा होत नाही.

नाव नोंदविताना वार आणि वेळ लिहून द्यावी, व परीक्षेचे वेळापत्रक लागताच पंधरा दिवस आधी सिस्टरांस आणि ज्यांच्याशी बोलणे-चालणे झाले आहे त्या रोग्यांस सांगावे, की अमुक तारखेपासून मी येणार नाही, अमुक तारखेस पुन्हा येईन. संस्थेच्या कार्यालयात यासाठी एक वही ठेवली आहे. बदली जाण्यास तयार असलेल्या मुलांची नावे तीत असतात. दिवाळीच्या आठवड्यात मात्र ती फार थोडी असतात, तेव्हा ज्यांची परीक्षा आटोपली असेल त्यांनी आपले नाव त्या आठवड्यासाठी आवर्जून लिहावे.