मुंबई ते लंडन: विमान १० तासांचं, प्रवास २७ तासांचा!



परदेशातल्या प्रदर्शनाला जायचं ठरलं की आपण आधी तिकिटाचे पैसे बघतो. वेळेचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. मीही मांडला नव्हता.

माझी लंडनची पहिली ट्रिप. तिकिटावर १२ तारीख, रात्री १:३०. मी १२ तारखेला रात्री जेवून निवांत एअरपोर्टवर पोहोचलो. विमान आदल्या रात्रीच गेलेलं! ११ तारखेच्या रात्री बारा वाजले की १२ तारीख सुरू होते, एवढं साधं लक्षात आलं नाही. नव्या तिकिटाचा खर्च सोसला, पण ज्या ग्राहकासाठी निघालो होतो त्याची भेट हुकली. त्याने पुन्हा वेळ दिली नाही. हे तुमच्या बाबतीत होऊ नये म्हणून आज कागद-पेन घेऊन बसा.

अंतर किती? मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. पण विमान नेहमी सरळ रेषेत जात नाही. वारा, हवामान, बंद असलेल्या हवाई हद्दी बघून मार्ग ठरतो.

वेळ किती? थेट विमानाला जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास धरा. येताना बहुधा तासभर कमी लागतो. का? उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. येताना ते विमानाला मागून ढकलतात, जाताना समोरून अडवतात.

घड्याळ कुठलं? तिकिटावर सुटायची वेळ इथली असते, पोहोचायची तिथली. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास मागे.

आता खरा हिशेब. समजा, तुम्ही कोल्हापूरचे. महिना जानेवारी, विमान रात्री २ चं.

- कोल्हापूर ते मुंबई एअरपोर्ट: ८ तास
- घाट, ट्रॅफिक, जेवण यासाठी राखीव: ३ तास
- एअरपोर्टवर आधी पोहोचणं: ३ तास
- विमान: १० तास
- इमिग्रेशन, बॅगा, शहरात पोहोचणं: ३ तास

झाले २७ तास! म्हणजे दुपारी १२ ला घर सोडलं, तर दुसऱ्या दिवशी तिथल्या सकाळी साडेनऊला तुम्ही शहरात. शरीराला मात्र दुपारचे ३ वाजलेत आणि रात्रीची झोप अर्धवट झालेली.

अशा अवस्थेत साडेदहाची मीटिंग घेऊ नका. थकलेला माणूस भाव पाडून देतो, हे लक्षात ठेवा. एक मुक्काम जास्त पडला तरी चालेल, एक दिवस आधी पोहोचा. तो हॉटेलचा खर्च सौद्याच्या खर्चातच धरा.

आणि निघण्याआधी फोनवर बोलायचं असेल, तर त्यांचे सकाळचे ९ म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारचे अडीच, उन्हाळ्यात दीड. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या त्यांना फोन लावाल, तर माणूस झोपेतून उठेल आणि सौदा तिथेच झोपेल!

आजचं काम: तुमच्या गावापासून तुमच्या ग्राहकाच्या दारापर्यंतचे तास याच पद्धतीने मांडा. आणि तिकीट रात्री १२ नंतरचं असेल, तर घरून कुठल्या तारखेला निघायचं ते कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. आजच!