चौघांत एक बंद संगणक

बंद पडलेला संगणक दुरुस्त करताना बिघाड काढायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट तो शोधायला लागतो. सैल झालेली रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसायचे आणि ती खटकन बसवायची, हे दोन मिनिटांचे काम. पण दोष रॅममध्येच आहे, एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या डब्यात) नाही, मदरबोर्डमध्ये नाही आणि मॉनिटरच्या केबलमध्येही नाही, हे ठरवण्यात नवख्याचा तास जातो. शिकवायचे असते ते हे ठरवणे. हाताचे काम बघून उचलता येते. डोक्यातले काम बोलून दाखवल्याशिवाय दुसऱ्याला कळत नाही. दुरुस्ती आणि नेटवर्किंगच्या वर्गात मुलांना संघ करून बसवण्यामागचे खरे कारण हे आहे. एकटा मुलगा मुकाट्याने अंदाज बांधतो, चौघांत बसला की त्याला तो अंदाज बोलावा लागतो आणि बोलला की तो तपासता येतो.

आपल्याकडे हे शिक्षण देणारी नेहमीची जागा म्हणजे आयटीआय. केंद्र सरकारने १९५० साली सुरू केलेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेत फिटर, वायरमन, वेल्डर यांच्या पंगतीला ‘कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स’ हा व्यवसाय बराच उशिरा येऊन बसला. (आयटीआयच्या भाषेत ट्रेड म्हणजे व्यवसाय, शिकवणारा निदेशक, शिकणारा प्रशिक्षणार्थी आणि प्रात्यक्षिक म्हणजे जॉब.) दहावीनंतर एक वर्षाचा हा अभ्यासक्रम. त्याच्या १२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० तास सिद्धांताचे आणि उरलेले १२० रोजगारक्षमता कौशल्यांचे. ‘कॉम्प्युटरचा कोर्स’ म्हटले की पालकांच्या डोळ्यांपुढे २००१ पासून घरोघरी पोहोचलेली एमएस-सीआयटी येते किंवा आयटीआयमधलाच ‘कोपा’ (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट). ते दोन्ही संगणक वापरायला शिकवतात. तो उघडायला शिकवणारा व्यवसाय वेगळा, हे प्रवेशाच्या वेळी अनेकांना समजावून सांगावे लागते.

तुकडीत वीस-चोवीस जण, आणि खोलून बघायला मिळणारी यंत्रे नेहमीच माणसांपेक्षा कमी. त्यामुळे एका टेबलाभोवती चौघे ही व्यवस्था मुळात टंचाईतून आलेली आहे. पण चौघे एका टेबलाशी बसले म्हणजे संघ झाला, असे नाही. एकाच्या हातात स्क्रूड्रायव्हर, दुसरा त्याच्या खांद्यावरून डोकावतोय, तिसरा मोबाइलमध्ये आणि चौथा शेजारच्या टेबलावरून जर्नल उतरवून घेतोय, हे दृश्य कुठल्याही कार्यशाळेत दिसते. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्याचे प्रयोग करून त्यांचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध केले. दोराला माणसे वाढवत नेली तसा एकूण जोर वाढला, पण दर माणशी जोर घटत गेला. टेबलाभोवती तेच घडते, फक्त इथे दोर दिसत नाही.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येकाला काम नेमून देणे. एकाचे फक्त हात चालतात. तो स्वतःच्या मनाने काही काढत नाही, काही जोडत नाही. दुसरा सांगतो: आता काय तपासायचे, कशासाठी, आणि अंदाज बरोबर असेल तर काय दिसायला हवे. तिसरा नोंद ठेवतो, चौथा मदरबोर्डची माहितीपुस्तिका बघतो आणि ग्राहकाशी बोलतो. ग्राहक अर्थातच निदेशक, पण तक्रार ग्राहकाच्याच भाषेत: ‘काल चालू होता, आज नाही.’ हातांनी डोक्याची वाट बघायची, हा यातला मुख्य नियम, आणि तो पाळून घेणे सगळ्यात अवघड. ज्याच्या घरी संगणक आहे किंवा काकाचे मोबाइलचे दुकान आहे, त्याचे हात शिवशिवत असतात. तो चटकन रॅम काढतो, लावतो, यंत्र सुरू होते, आणि का सुरू झाले ते चौघांपैकी कुणालाच कळत नाही. त्यालाही नाही. कामे दर जॉबला फिरवावी लागतात, नाहीतर ती चिकटतात. मुलामुलींच्या संघात नोंदवही बिनबोभाट मुलीकडे जाते आणि वर्षअखेर तिचे अक्षर सुंदर असते, पण स्क्रू फिरवलेले असतात मुलांनीच.

एक जॉब जवळून बघण्यासारखा आहे. तक्रार: ‘नेट चालत नाही.’ संघाचा पहिला अंदाज ठरलेला, केबल. पण पोर्टवरचा दिवा लुकलुकतोय. सांगणारा म्हणतो, पत्ता बघ. यंत्राला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता मिळालेला आहे. तो १६९.२५४ ने सुरू झाला असता, तर पत्ता वाटणारा सर्व्हरच सापडलेला नाही, असा अर्थ निघाला असता. राउटरला पिंग केले, उत्तर आले. संकेतस्थळाचे नाव घालून पिंग केले, तरी उत्तर आले. म्हणजे तार, पत्ता, राउटर, नावाचा पत्ता शोधणारी व्यवस्था, सगळे शाबूत. तरी ब्राउझर प्रत्येक पानावर ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडून बसलेला. इथे एकटा शिकाऊ सहसा दुकानातला लाडका इलाज करतो: विंडोज टाकून मोकळा होतो. त्यात ग्राहकाचे फोटो जातात आणि बिघाड जागच्या जागी राहतो. संघात मात्र नोंद ठेवणाऱ्याला वहीत वेळ लिहायची असते. तो पडद्याच्या कोपऱ्यात बघतो, तर तिथे कित्येक वर्षांपूर्वीची एक जानेवारी. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल तीन व्होल्टचा असतो. मल्टिमीटरवर तो जेमतेम दोन दाखवतो. सेल संपला म्हणून घड्याळ मागे गेले. घड्याळ मागे गेले म्हणून संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ‘अजून लागू व्हायची आहेत’ अशी ठरली, कारण त्या प्रत्येकावर कधीपासून कधीपर्यंत हे लिहिलेले असते. तक्रार नेटवर्कची होती, दोष निघाला हार्डवेअरचा. रोज संध्याकाळी मेन स्विच पाडणाऱ्या शाळांच्या लॅबमध्ये हा सेल लवकर संपतो. संगणक बंद असला तरी वीज येत असेल, तर घड्याळ त्या विजेवर चालते, नाहीतर सगळा भार सेलवर पडतो.

असे जॉब आपोआप हाती येत नाहीत. ते निदेशकाला रचावे लागतात. रॅमच्या एखाद्या दातावर पारदर्शक चिकटपट्टी, प्रोसेसरच्या पंख्याची निघालेली पिन, उलटी लावलेली फ्रंट पॅनेलची वायर, भंगारातून आणलेला मेलेला एसएमपीएस असा बिघाडांचा साठा चांगल्या कार्यशाळेत जपलेला असतो. एसएमपीएस तपासायची रीत सोपी आहे. चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला तारेच्या तुकड्याने जोडली की पंखा फिरायला हवा. मग पिवळीवर १२ व्होल्ट, तांबडीवर ५, नारिंगीवर ३.३, पाच टक्के इकडे-तिकडे. डबा मात्र उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका विद्युतभार राहू शकतो. इथे संघाचा आणखी एक उपयोग असतो: मीटर धरणारा एक आणि बटणाजवळ उभा दुसरा.

सगळेच संघात शिकवता येते असे मात्र नाही. क्रिंपिंग, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवणे, ज्याचे त्यानेच करायचे. नेटवर्क केबलमध्ये आठ वायरी असतात, दोन-दोनच्या चार पिळलेल्या जोड्या. प्रचलित क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मुलांना हा क्रम वेडावाकडा वाटतो, आणि तो दिसतोही तसाच. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी कशाला घुसवली? म्हणून एखादा हुशार मुलगा सगळ्या जोड्या शेजारी-शेजारी नीट लावतो, दोन्ही टोकांना सारख्याच. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात आणि तो खूश होतो. पण एक संदेश तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवरून मिळून जात असतो. त्याच्या मांडणीत या दोन पिनांना दोन निरनिराळ्या जोड्यांतल्या वायरी गेलेल्या असतात. दोन वायरी एकमेकींना पिळलेल्या असल्या तरच बाहेरचा गोंगाट एकमेकींत विरतो; पीळ वेगळ्याशीच असेल तर शेजारच्या जोडीतले बोलणे त्यांत झिरपते. हातभर केबलवर काही जाणवत नाही, लांब केबलवर वेग कोसळतो आणि जोडणी मधूनच तुटते. स्वस्तातला टेस्टर ही चूक पकडू शकत नाही, कारण तो फक्त तार इकडून तिकडे पोहोचली की नाही एवढेच बघतो. टोकाशी पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही, हा नियमही याच कारणाचा. हे सगळे चौघांत ऐकून पाठ होते, पण जॅकेट सोलताना आतली वायर कापली न जाण्याइतका दाब किती, हे दहा-बारा प्लग वाया घालवल्यावाचून बोटांना कळत नाही. म्हणून केबल प्रत्येकाने आपापली करायची आणि मग संघाचे नेटवर्क त्या चार केबलींवरच उभे करायचे, अशी सांगड चांगले निदेशक घालतात. एकाची केबल कच्ची असेल, तर चौघांचा जॉब अडतो.

नेटवर्क हा विषय मुळातच अनेकांचा. प्रत्येक टेबल एक कार्यालय धरायचे, आधी कागदावर पत्ते वाटून घ्यायचे, मग टेबले एकमेकांना जोडायची. दोन टेबलांनी एकमेकांना न विचारता तोच पत्ता वापरला की दोन्हीकडची यंत्रे कुरकुरू लागतात. कुणी घरचा जुना राउटर आणून त्याची केबल भलत्या पोर्टात लावली की तोही पत्ते वाटायला बसतो, आणि अर्ध्या वर्गाला एकाचे, अर्ध्याला दुसऱ्याचे पत्ते मिळतात. सगळ्यात नाट्यमय अपघात म्हणजे लूप. टेबलाखाली लोंबणारे केबलचे मोकळे टोक कुणीतरी व्यवस्थितपणाच्या भरात त्याच स्विचमध्ये खोचतो. साध्या स्विचला हे वर्तुळ ओळखता येत नाही. सर्वांसाठी पाठवलेला एक निरोप गोल-गोल फिरत वाढत जातो, सगळे दिवे पिसाटल्यासारखे एकदम लुकलुकतात आणि काही क्षणांत अख्खी लॅब ठप्प. उपाय एकच, एकेक केबल काढत जायचे आणि दिवे कधी शांत होतात ते बघायचे. एकाने काढायची, दुसऱ्याने स्विचकडे बघायचे, तिसऱ्याने दुसऱ्या टेबलावरून ‘आलं, आलं’ म्हणून ओरडायचे. एका माणसाला हे काम करताना टेबलांमधून धावता धावता दम लागतो.

ज्या संस्थेत पुरेसे स्विच आणि राउटर नाहीत, तिथे सिस्कोच्या पॅकेट ट्रेसर या मोफत सॉफ्टवेअरवर हीच जुळणी पडद्यावर करता येते. सिस्कोने नेटवर्किंग अकादमी १९९७ मध्ये सुरू केली आणि हे साधन तिच्याच वर्गांसाठी घडले. गृहपाठाला ते उत्तम आहे. मात्र त्यातल्या केबली कधी सैल होत नाहीत आणि उंदीर त्या कुरतडत नाहीत.

गुण कसे द्यायचे, हा संघशिक्षणातला जुना तंटा. सगळ्यांना सारखे दिले तर झोपणाऱ्याचे फावते, वेगवेगळे दिले तर संघ मोडतो. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेलसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक साधी तोड काढली. प्रश्नपत्रिका आधी प्रत्येकाने एकट्याने सोडवायची, ती गोळा करायची आणि लगेच तीच प्रश्नपत्रिका संघाने मिळून सोडवायची. दोन्ही गुण धरायचे. दुसऱ्या फेरीत वाद रंगतो, कारण प्रत्येकाने उत्तर आधीच स्वतःच्या हाताने लिहिलेले असते आणि माघार घेणे लाजेचे वाटते. आयटीआयच्या वर्षअखेरीच्या अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेत मात्र संघ नसतो. तिथे आणि पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या गाळ्यात, पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुकानात किंवा ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचलेल्या फायबरच्या पेटीपुढे प्रत्येक जण एकटाच उभा असतो. म्हणूनच ‘तू हार्डवेअर बघ, मी नेटवर्क बघतो’ अशी वर्षभराची वाटणी संघात होऊ देणे धोक्याचे ठरते.

प्रत्यक्ष कामावरचे तंत्रज्ञ मात्र वाटतात तेवढे एकटे नसतात. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती-तंत्रज्ञांबरोबर हिंडून केलेला अभ्यास १९९६ मध्ये पुस्तकरूपाने आला. कंपनीच्या जाडजूड माहितीपुस्तिकांत न सापडणारे बिघाड हे तंत्रज्ञ न्याहारीच्या टेबलावर एकमेकांना सांगितलेल्या हकिगतींतून सोडवत होते. अमुक मशीन तमुक आवाज काढत होते, मग असे निघाले, अशा त्या हकिगती. पुढे झेरॉक्सने तंत्रज्ञांच्या अशा सूचना साठवणारी ‘युरेका’ ही व्यवस्थाच उभारली.

वर्गात हे काम एक शंभर पानी वही करू शकते. प्रत्येक जॉबनंतर संघाने तिच्यात एक ओळ भरायची, चार रकान्यांत: ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत, पहिला अंदाज, खरा दोष, आणि तो कशावरून कळला. दुसरा रकाना पुढच्या तुकडीला सगळ्यात उपयोगाचा, आणि तोच खोडायचा मोह मुलांना होतो. म्हणून वहीला पेन्सिल चालत नाही. सेल संपलेल्या त्या संगणकाच्या ओळीत दुसऱ्या रकान्यात ‘केबल’ असे शाईने लिहिलेले राहते आणि चौथ्यात ‘वेळ लिहिताना तारीख दिसली’.