आजी नावाची 'अननोन आर्टिस्ट'

गेल्या गणपतीला माणगावला निघालो होतो. मुंबई-गोवा हायवे, म्हणजे ट्रॅफिक आलंच! गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि पेन ड्राइव्हवरची गाणी शफलवर चालू होती. अचानक जात्याची घरघर आणि बाईचा आवाज. स्क्रीनवर नाव : 'ट्रॅक ०७, अननोन आर्टिस्ट'.

"मामा, हे कोण गातंय?" मागच्या सीटवरून भाचीने विचारलं.

"तुझी पणजी. माझी आजी."

"मग अननोन का लिहिलंय?"

काय सांगणार, कप्पाळ! गुन्हेगार मीच होतो. काकांनी १९९४ मध्ये आजीच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या होत्या. तासातासाच्या दोन कॅसेट. २००६ मध्ये, नव्या नोकरीच्या पगारातून पीसी घेतल्यावर, मी त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. वेव्ह फाइली सव्वा जीबीच्या घरात गेल्या. चाळीस जीबीच्या डिस्कवर त्या डोळ्यांत खुपायला लागल्या. मग काय, ६४ केबीपीएसच्या एमपीथ्री केल्या, सगळं साठ एमबीच्या आत बसलं. आणि वेव्ह डिलीट! नाव-गाव नंतर टाकू, म्हटलं. ते 'नंतर' कधी आलंच नाही.

एमपीथ्री जागा वाचवते ती कानाला जाणवणार नाही असा आवाज गाळून. पण इतक्या कमी बिटरेटला जाणवणारा आवाजही गळतो. आजीच्या बांगड्यांची किणकिण सगळ्यात आधी गेली. आज ती फाइल फ्लॅकमध्ये बदलली तर? साइज फुगते, किणकिण काही परत येत नाही. पाणी घातलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून दाट होतं का?

घरी पोचल्यावर आधी ट्रंक उघडली. कोकणातला पावसाळा! एका कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी. उत्साहाच्या भरात मी ती तशीच टेपरेकॉर्डरमध्ये घातली, फीत आत गुंडाळली गेली आणि तिचे तुकडे झाले. दुसरी मात्र शाबूत निघाली. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला, ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग, सेव्ह फ्लॅकमध्ये. बांगड्या वाजल्या आणि काका उठून आतल्या खोलीत गेले.

रात्री टॅग भरायला बसलो. आमच्या जमान्यातल्या जुन्या टॅगमध्ये नावाला जेमतेम तीस अक्षरं, देवनागरीची सोय नाही. आता 'एमपीथ्रीटॅग'सारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये सरळ मराठीत लिहिता येतं. आर्टिस्टच्या जागी आजीचं पूर्ण नाव. गीतकार : पारंपरिक. कॉमेंटमध्ये माणगाव, १९९४, आणि कुठली ओवी कुणावर, ते काकांनी सांगितलं तसं. भावावरची कुठली, सासरवरची कुठली, हे सांगणारे आता तेच एकटे उरलेत.

हे काम मोठ्या प्रमाणावर केलं ते हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी. महाराष्ट्रातल्या गावागावांतून त्यांनी एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने २०१७ पासून त्या प्रसिद्ध करायला घेतल्या, त्याही गाणारीच्या नावागावासकट. तिथे कुणी 'अननोन' नाही.

परतीच्या वाटेवर पुन्हा तोच ट्रॅफिक. भाचीने स्क्रीनवरचं नाव मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "मामा, परत लाव ना!"

तुमच्यासाठी
• मूळ रेकॉर्डिंग वेव्ह किंवा फ्लॅकमध्येच ठेवा, दोन ठिकाणी. मोबाइलसाठी एमपीथ्रीची वेगळी कॉपी करा.
• एमपीथ्रीची पुन्हा एमपीथ्री करू नका. दर वेळी आवाज आणखी गळतो.
• बुरशीची कॅसेट स्वतः वाजवू नका, जाणकाराकडे द्या.
• टॅग आजच भरा. सांगणारं माणूस घरात आहे तोवर!