अंगठा लागला का जी?

तेंदूपत्त्याचा हंगाम सरला की बँकेच्या वतीने गावातच पैसे देणाऱ्या बँक मित्राच्या टेबलाशी सगळ्यात जास्त वेळ तीच बाई अडकते, जिने सगळ्यात जास्त पाने तोडली. 70 पानांचा एक पुडा. असे शेकड्याने पुडे बांधता बांधता बोटांवरच्या रेषा झिजतात, वर पानांचा काळा चीक बसतो. आणि पैसे काढायचे तर नेमके तेच बोट काचेवर ठेवायचे.

एटापल्ली तालुक्यातल्या एका किराणा दुकानाच्या कोपऱ्यात हे टेबल आहे. अंगठ्याचे मशीन, ओला रुमाल, नोटांचा गल्ला, आणि रेंज मिळावी म्हणून खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला मोबाइल.

"अंगठा लागत नाही जी," बाई म्हणते.

"मधलं बोट ठेव, माय. दाबू नको."

तो रुमालाने तिचे बोट पुसतो, तिला ते कपाळावर घासायला सांगतो. कपाळाचा तेलकटपणा लागला की रेष उठते. मग कोणती बँक, हा दुसरा घोळ. तिची खाती दोन, आणि सरकारी अनुदान जाते ते आधार शेवटी जोडलेल्या खात्यात. ते कोणते, तिला सांगता येत नाही. मित्र एक बँक निवडतो, शिल्लक बघतो, मग दुसरी. पैसे सापडतात. एका वेळी दहा हजारांपर्यंत काढता येतात. तिला दोनच हवेत.

नोटा मोजून झाल्यावर तो किती दिले, किती उरले ते माडिया बोलीत मोठ्याने सांगतो. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाते. शहरातल्या ग्राहकाला हा आगाऊपणा वाटेल. इथे मात्र चारचौघांनी ऐकले म्हणजे व्यवहार पक्का. पावतीवरचे इंग्रजी आकडे कोण वाचणार?

थोड्या वेळाने आठवडी बाजारात कापड विकणारे एक चाचा आले. त्यांनी पासबुक उघडून पुढे केले. दर तिमाहीला खात्यात पडणारे व्याज किती, एवढेच त्यांना हवे होते. व्याज त्यांना निषिद्ध. तेवढी रक्कम बाजूला काढून ते गरजूला देतात, आणि त्याचे पुण्यही मोजत नाहीत. मित्राने ओळी शोधल्या, बेरीज कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून सरकवली. तोंडाने अवाक्षर नाही. त्याच टेबलावर, त्याच माणसाने. मला ही खरी हुशारी वाटली.

बँकेची सेवा मोजायच्या प्रश्नावल्या आहेत. 1980च्या दशकात अमेरिकेत पाच कसोट्यांची एक तयार झाली: इमारत-साहित्य, भरवसा, तत्परता, खात्री, आपुलकी. 2001 मध्ये ओथमान आणि ओवेन या अभ्यासकांनी कुवेत फायनान्स हाऊसच्या ग्राहकांसाठी तिच्यात सहावी घातली आणि पहिल्या क्रमांकावर ठेवली: बँक शरियत पाळते का? आपल्याकडे रघुराम राजन समितीने 2008 मध्येच बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. 2016 मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीला लोकमंगल सहकारी बँकेने तसा प्रयोगही केला. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने मात्र हा विषय पुढे न नेण्याचे ठरवले. चाचांच्या वाट्याला उरला तो चिटोरा.

सहावी कसोटी ग्राहकाच्या पोटातून आली, म्हणून मला ती पटते. एटापल्लीत कोणी विचारले, तर शिल्लक माझ्या बोलीत सांगतात का आणि एका खेपेत काम होते का, हे दोन प्रश्न आधी येतील. खेपेचा प्रश्न भाड्याचा नाही. एसटीत बायकांना अर्धेच तिकीट आहे. बुडतो तो दिवस. पंखा आणि खुर्च्या शेवटी.

मित्राला कमिशन मिळते ते पैसे निघाले तरच. बोटे पुसण्याचे काही नाही.

दुपारी रेंज गेली आणि एका म्हाताऱ्या बाईचे पैसे खात्यातून कापले गेले, हातात आले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार असे पैसे पाच दिवसांत परत यायला हवेत. नाही आले तर पुढे रोज 100 रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न पाहता. मित्राने वहीत नोंद केली, पावती तिच्या पदराच्या गाठीत बांधायला लावली.

"उद्या येऊ का जी?"

"उद्या नको, माय. पुढच्या बाजाराला ये. अन् दुसरं पासबुक असेल तर तेही आण."