हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

मुंबई ते दिल्ली हे अंतर लोहमार्गाने सुमारे 1,384 किलोमीटर आहे. हवाई अंतर मात्र सुमारे 1,140 किलोमीटरच भरते. जेट विमानाचा वेग ताशी 830 किलोमीटर धरला, तर हा प्रवास दीड तासाच्या आत संपावयास हवा. प्रत्यक्षात तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपासची वेळ छापलेली असते.

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीगोलावर दोन विमानतळांमध्ये दोरा ताणून धरल्यास मिळणारे किमान अंतर. विमान त्या दोऱ्यावरून जात नाही. आखून दिलेल्या मार्गांनी, प्रतिबंधित क्षेत्रे टाळीत जाते. शिवाय तिकिटावरील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंत मोजली जाते. धावपट्टीपर्यंतची संथ वाटचाल, उड्डाणासाठीची रांग, उतरण्यापूर्वीच्या घिरट्या हे सर्व तीत येते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत, हेही विलंबाचे एक कारण. विमान कंपन्या या विलंबाची तरतूद आधीच करून ठेवतात. म्हणूनच उशिरा सुटलेले विमानही कधीकधी ‘वेळेपूर्वी’ पोहोचते! खात्यातील एकूण शिल्लक आणि प्रत्यक्ष काढता येणारी रक्कम यांत जसा फरक असतो, तसाच काहीसा हा प्रकार.

लांबच्या प्रवासात वारा निर्णायक ठरतो. सुमारे 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहतात. त्यामुळे मुंबईहून लंडनला जाण्यास परतीच्या प्रवासापेक्षा सामान्यतः अधिक वेळ लागतो. पृथ्वी फिरते म्हणून असे घडते, हा समज मात्र चुकीचा आहे. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरत असते.

याचे लक्षणीय उदाहरण म्हणजे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. या दोन शहरांमधील किमान अंतर सुमारे 12,400 किलोमीटर असून तो दोरा तिबेटच्या पठारावरून थेट आर्क्टिक प्रदेशात जातो. विमानातील हवेचा दाब घटल्यास तातडीने सुमारे 10,000 फुटांपर्यंत खाली यावे लागते. तिबेटमध्ये जमीनच त्याहून उंच आहे. एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून सुमारे 13,900 किलोमीटरचा मार्ग घेत असे. ऑक्टोबर 2016 मध्ये ते प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. अंतर वाढून सुमारे 15,300 किलोमीटर झाले, तरी पाठीमागून वारा मिळाल्याने विमान साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा लवकर पोहोचले.

आकाशालाही सीमा असतात. 2019 मध्ये फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत आणि पुन्हा एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा घ्यावा लागला. विमानतळ तेच, हवाई अंतरही तेच. वाढला तो वेळ आणि इंधनाचा खर्च.

तिकीट काढताना वेळा स्थानिक असतात, हे ध्यानात घ्यावे. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी 1 वाजता सुटणारे विमान लंडनला सायंकाळी 5.30 वाजता पोहोचणार असेल, तर प्रवास साडेचार तासांचा नसून दहा तासांचा असतो. मुलामुलींकडे परदेशी निघालेल्या ज्येष्ठ ग्राहकांनी मधल्या विमानतळावर विमान बदलताना विशेष काळजी घ्यावी. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील आणि पहिल्या विमानाच्या विलंबामुळे दुसरे चुकले, तर पुढील व्यवस्था सामान्यतः विमान कंपनी करते. तिकिटे स्वतंत्र काढलेली असल्यास मात्र दुसरी कंपनी प्रवासी आलाच नाही असे समजते आणि नव्या तिकिटाचा खर्च बहुधा प्रवाशावरच पडतो.