बांधीची माती आणि घरची परसबाग

आमच्या जुन्या घरामागे लिंबाचे एक झाड होते. अम्मी त्याला घरातले माणूस समजायची. रमजानचे सरबत असो की उन्हाळ्यातले लोणचे, लिंबू कधी बाजारातून आणावे लागले नाही. सात वर्षांपूर्वी ते घर सुटले आणि आम्ही गावाच्या कडेला नव्या लेआउटमध्ये राहायला आलो. निघताना अम्मीने त्या झाडाची चार लिंबे रुमालात बांधून घेतली, त्यांच्या बिया डब्यात लावल्या आणि रोपे वाढवली. पहिल्या पावसात आम्ही त्यातले सर्वांत चांगले रोप नव्या घरामागे लावले. दोन फुटांचा खड्डा खोदून त्यात शेणखत आणि बाहेरून आणलेली भुसभुशीत माती भरली. आपण सगळे नीट केले, असे मला वाटत होते.

ऑगस्टमध्ये पाने पिवळी पडली. सप्टेंबरमध्ये रोप हाताने सहज उपटून आले. मुळे काळी झाली होती आणि त्यांना कुजका वास येत होता. अम्मी काही बोलली नाही. तिने फक्त उरलेल्या रोपांचा डबा उचलून गच्चीवर नेला.

गोंदिया, तिरोडा, आमगाव, गोरेगाव अशा गावांच्या आसपास नवी घरे बांधलेल्या अनेक कुटुंबांची हीच कहाणी आहे. मोगरा जगत नाही, पपई पावसाळ्यात कोलमडते, अंगणात हिरवळ लावावी तर जागोजागी डबकी साचतात. मग आपण म्हणतो, "आमच्या जागेची मातीच खराब आहे." मीही तेच म्हणत होते.

माती खराब नाही, तिला शिकवण वेगळी आहे

आमचा प्लॉट पूर्वी धानाची बांधी होता. ज्या शेतकऱ्याची ती जमीन होती, ते वृद्ध गृहस्थ अजूनही कधीकधी तिकडून जातात. एकदा माझा मेलेला भाजीपाला पाहून ते म्हणाले, "बाई, या जमिनीत पाणी उभे राहावे म्हणून आम्ही दरवर्षी चिखल केला. आता ती पाणी सोडत नाही, यात तिचा काय दोष?"

त्या एका वाक्याने माझे डोळे उघडले. रोवणीआधी आपण बांधीत चिखलणी करतो. पाण्यात नांगर किंवा ट्रॅक्टर फिरवून मातीचे ढेकूळ पूर्ण मोडतो. मातीचे अतिसूक्ष्म कण वेगळे होऊन खाली बसतात, मधल्या पोकळ्या बुजतात आणि नांगराच्या तळाखाली एक घट्ट थर तयार होतो. धानाला हेच हवे असते, कारण त्याच्या मुळांना खोडातील पोकळ्यांमधून हवा मिळते. लिंबाला, वांग्याला, गुलाबाला ही सोय नाही. त्यांची मुळे मातीतल्या हवेवर जगतात. पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात.

त्यात आपला जिल्हा पावसाचा. वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. हे पाणी अडवून ठेवण्यासाठीच कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी येथे तलाव बांधले. नवेगावबांध त्यांपैकीच. आपल्या जुन्या शेतकऱ्यांना माती इतकी ठाऊक होती की त्यांनी तिला वेगवेगळी नावे दिली: कन्हार, मोरांड, खर्डी, सिहार, बरडी. यांत कन्हार सर्वांत भारी आणि काळी, बरडी खडकाळ आणि हलकी, बाकीच्या अधल्यामधल्या.

चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. कण जितके बारीक, तितकी त्यांच्यामधली जागा अरुंद. म्हणून पाणी मुरत नाही, आणि वाळल्यावर हीच माती आकसून तिला बोटभर भेगा पडतात. पण याच बारीक कणांवर झाडाचे अन्न धरून राहते. रेताड जमिनीतून खत पहिल्या पावसात वाहून जाते, चिकणमाती ते सांभाळून ठेवते. म्हणजे आपल्या मातीत ताकद भरपूर आहे, कमी आहे ती हवेची.

माझी दुसरी चूक: रेती

पहिल्या वर्षीच्या अनुभवानंतर मी एक सोपा उपाय केला. रेतीची थोडी घमेली आणून वाफ्यात मिसळली. उन्हाळ्यात तो वाफा असा कडक झाला की कुदळ उसळून वर यायची. चिकणमातीत थोडी रेती मिसळली की बारीक कण रेतीच्या दाण्यांभोवती घट्ट बसतात आणि विटेसारखा गोळा होतो.

हिशेब करून पाहा. १० फूट लांब, १० फूट रुंद आणि १ फूट खोल वाफा म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच एक ब्रास माती. तिचा पोत खरोखर बदलायचा तर जवळपास निम्मी जागा रेतीने भरावी लागेल. एवढ्याशा वाफ्याला अर्धा ब्रास रेती! एवढा खर्च परवडणारा नाही आणि नदीच्या पात्रातून इतकी रेती काढणेही बरे नाही.

तलावाच्या गाळाचेही असेच. २०१७ मध्ये राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू झाली, तेव्हापासून गाळ म्हणजे सोने असे सगळे म्हणतात. हलक्या, मुरमाड जमिनीसाठी ते खरे आहे. पण गाळ स्वतःच चिकण असतो. चिकणमातीवर गाळ टाकणे म्हणजे चिखलावर चिखल.

आधी घरीच तपासा

तीन साध्या गोष्टी कोणत्याही घरात करता येतात. मुलांना सोबत घ्या, त्यांचा विज्ञानाचा धडाही होईल.

पहिली: ओली माती हातात मळा आणि अंगठा व बोटाच्या मध्ये दाबून पट्टी काढा. दोन इंचांपेक्षा लांब पट्टी न तुटता निघाली तर माती भारी चिकण आहे.

दुसरी: काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घ्या, पाणी भरा, चिमूटभर कपड्याचा साबण टाकून जोरात हलवा आणि ठेवून द्या. रेती मिनिटभरात तळाला बसते, पोयटा दोन-तीन तासांत, आणि चिकणमाती बसायला एक दिवस किंवा जास्तही लागतो. थर मोजा, मातीत काय किती आहे ते कळेल.

तिसरी: एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरा. ते मुरले की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल तर त्या जागी खड्ड्यात झाड लावू नका.

यावरून माझ्या लिंबाचे काय झाले ते कळते. घट्ट मातीत खड्डा करून त्यात भुसभुशीत माती भरली की तो खड्डा हौद बनतो. चहूबाजूंचे पाणी त्यात उतरते, बाहेर जायला वाट नसते आणि रोप त्यात बुडते.

मातीतील अन्नद्रव्यांची तपासणीही एकदा करून घ्यावी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत १२ बाबी तपासल्या जातात. तालुका कृषी कार्यालयात किंवा हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्रात याची माहिती मिळते. जिप्सम किंवा चुना मात्र शेजाऱ्याने टाकला म्हणून टाकू नका. जिप्सम क्षारयुक्त चोपण जमिनीला उपयोगी पडते, प्रत्येक चिकणमातीला नाही.

वर उचला, खाऊ घाला, तुडवू नका

माझ्या अनुभवात भारी मातीचे सगळे शास्त्र या तीन शब्दांत येते.

वर उचला: भाज्यांसाठी गादीवाफे करा. उंची ९ इंच ते १ फूट, रुंदी साडेतीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. मधल्या नालीला उतार देऊन पाणी बाहेर काढा. लिंबू, मुनगा, पपई अशा झाडांना पाणी साचलेले चालत नाही. त्यांच्यासाठी दीड-दोन फूट उंच आणि पाच-सहा फूट रुंद मातीचा ढीग करून त्यावर रोप लावा. सखल कोपरा रिकामा वाटत असेल तर तिथे कोचई लावा, तिला ओल आवडते.

खाऊ घाला: मातीत कुजलेला काडीकचरा गेला की गांडुळे, बुरशी आणि सूक्ष्म जीव त्यावर जगतात. त्यांच्या चिकट स्रावाने मातीचे बारीक कण एकत्र येऊन छोटे रवे बनतात. रव्यांच्या मधून पाणी खाली जाते आणि हवा आत येते. रेतीने जे होत नाही ते यामुळे होते. पहिल्या वर्षी १० बाय १० फुटांच्या वाफ्यावर कुजलेल्या खताचा २ इंच थर द्यावा. हे साधारण १७ घनफूट, म्हणजे तीस-पस्तीस घमेली होते. पुढे दरवर्षी त्याच्या निम्मे पुरे.

खत घरीच होते. पुसदचे नारायणराव पांढरीपांडे यांनी लोकप्रिय केलेली नाडेप टाकी आपल्या विदर्भाचीच देणगी. जाळीदार विटांची १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच टाकी, तिच्यात काडीकचरा, शेणकाला आणि मातीचे थर, आणि तीन-चार महिन्यांत खत तयार. घरासाठी याच पद्धतीची लहान टाकी पुरते. भाज्यांची देठे, चहाचा चोथा, कोरडा पाला सगळे तिच्यात जाते. मटणाची हाडे आणि कोंबडीची घाण मात्र टाकू नका, वास सुटतो आणि कुत्री उकरतात.

आपला जिल्हा राइस मिलचा. धानाचा भुसा स्वस्त मिळतो आणि लवकर कुजत नसल्याने माती बराच काळ मोकळी ठेवतो. पण कच्चा भुसा एकदम पुष्कळ मिसळला तर कुजताना तो मातीतला नत्र ओढून घेतो आणि रोपे पिवळी पडतात. तो आधी शेणात मुरवा. मिलची राख अल्कधर्मी असते, म्हणून ती जपून, मूठमूठच वापरावी.

तुडवू नका: ओल्या चिकणमातीवर एकदा चालले की वर्षभराची मेहनत दबून जाते. पावसाळ्यात वाफ्यात पाय नको, कुदळ नको. मातीला वाफसा येऊ द्या. मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटाने टोचा. गोळा चिकटून राहिला तर थांबा, फुटून भुगा झाला तर काम करा. भारी मातीत हे दिवस थोडेच असतात, बहुधा पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास. ते हातचे जाऊ देऊ नका.

अंगणात हिरवळ हवी असणाऱ्यांनी नाजूक विदेशी गवताच्या मागे न लागता हरळी लावावी. जागेला थोडा उतार द्यावा, आणि दरवर्षी वाफसा असताना सब्बलीने हातभर अंतरावर पाच-सहा इंच खोल छिद्रे पाडून त्यांत चाळलेले खत भरावे.

वर्षाचे वेळापत्रक

पहिल्या पावसात रिकाम्या वाफ्यांत ढेंचा पेरा. तो उभ्या पाण्यातही तग धरतो, त्याची मुळे घट्ट थरात वाट काढतात आणि तो मातीला नत्र देतो. ४०-४५ दिवसांनी, फुलावर येण्याआधी कापून तिथेच पसरवा. दिवाळीनंतर वाफसा आला की खत मिसळून पालक, मेथी, सांबार, वांगी, टमाटर लावा. फेब्रुवारीपासून वाफ्यांवर तणस किंवा पाल्याचा तीन-चार इंच थर द्या, म्हणजे भेगा पडत नाहीत. पाला जाळू नका, ते आपल्या मातीचे अन्न आहे. उन्हाळ्यात वुजूचे पाणी, तांदूळ धुतलेले पाणी नळीने वाफ्यांकडे वळवा. पावसाळ्यात तीच नळी बाहेरच्या नालीत सोडा.

मातीचा असा बारकाईने विचार करणे आपल्या इतिहासातही आहे. अकराव्या शतकात अंदलुसमधील तोलेदोच्या इब्न बस्साल यांनी मातीचे दहा प्रकार सांगितले. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वाम यांनी 'किताब अल-फिलाहा' हा शेतीवरचा मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्यात माती व खत यांना सुरुवातीलाच स्थान दिले. बाग लावण्याआधी माती ओळखावी, हे त्यांनाही ठाऊक होते आणि आमच्या प्लॉटवरून जाणाऱ्या त्या वृद्ध शेतकऱ्यालाही.

पहिल्या वर्षी फरक फार दिसणार नाही, हे आधीच सांगते. दुसऱ्या वर्षी माती उकरताना गांडुळे दिसू लागतील. तिसऱ्या वर्षी पावसानंतर वाफ्यावर पाणी थांबणार नाही. माती चिकणच राहील, पण तुमच्याशी जुळवून घेईल. चिखलणीने वर्षानुवर्षे जे केले, ते एका ट्रॉलीत बदलत नाही.

अम्मीने गच्चीवर नेलेल्या रोपांपैकी एक आम्ही तिसऱ्या पावसाळ्याआधी मातीच्या उंच ढिगावर लावले. या वर्षी त्याला पहिल्यांदा फुले आली. अम्मीला आता नीट दिसत नाही. सकाळी मी तिचा हात धरून तिला झाडापर्यंत नेते. ती फूल हुंगते आणि म्हणते, "तेच आहे." लिंबू धरायला अजून वेळ आहे. इन्शाअल्लाह, पुढच्या रमजानचे सरबत घरच्या लिंबाचे होईल.