सत्तर किलोचं बाळपण

सकाळी सहा

दवाखाना नऊला उघडतो, पण थोराड जातीच्या पिल्लांचे फोन सहापासून सुरू होतात. रात्रभर एका कुशीवर पडलेलं पिल्लू उठायला लागलं की आखडलेला सांधा दिसतो, आणि घरच्यांच्या लक्षात येतं ते तेव्हाच. म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, पिल्लू उठलं की त्याच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ काढा, एक बाजूने आणि एक मागून. दवाखान्यात आल्यावर तेच पिल्लू फिनेलच्या आणि दुसऱ्या कुत्र्यांच्या वासाने इतकं सावध होतं की लंगडणंच विसरतं.

चहा उकळेपर्यंत व्हिडिओ बघते. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर जाते, चांगला टेकताना खाली येते. मागे खुब्यात दुखत असेल तर पिल्लू पळताना दोन्ही मागचे पाय जोडून एकदम टाकतं. घरच्यांना ती उडी गोड वाटते आणि ती मोबाइलवर सगळ्यांना दाखवली जाते. मला ती उडी दिसली की मी त्याच दिवशी बोलावून घेते.

आज आलेल्यांत सात महिन्यांचा एक ग्रेट डेन आहे. गेल्या आठवड्यात डावा पुढचा पाय धरत होता, आता उजवा मागचा. असा पाय बदलत फिरणारा त्रास बहुतेकदा पॅनोस्टायटिसचा, म्हणजे लांब हाडांच्या आतल्या दाहाचा असतो. हाडावर जोरात दाबलं की पिल्लू ओरडतं. वाढ संपत आली की हा आपोआप थांबतो. तपासायला बोलावलं, पण त्याच्या मालकाला रात्रीची झोप लागेल असं सांगूनच फोन ठेवला.

सकाळी नऊ

पहिली आत आली ती साडेतीन महिन्यांची ग्रेट डेन मादी, दोघांनी चादरीत उचलून आणलेली. ताप 105. पुढच्या दोन्ही पायांना मनगटाच्या थोडं वर सूज, हात लावला तरी कण्हते. काल संध्याकाळपासून उभी राहिलेली नाही.

एक्स-रेमध्ये जे शोधत होते ते दिसलं. हाडाच्या टोकाजवळ वाढीची पट्टी असते, ती कूर्चेची असल्यामुळे फोटोत काळी रेघ दिसते. या पिल्लाच्या हाडात त्या रेघेला समांतर आणखी एक काळी रेघ होती, दोन्ही पायांत सारखी. हायपरट्रॉफिक ऑस्टिओडिस्ट्रॉफी. भराभर वाढणाऱ्या पिल्लांना साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होणारा हा आजार इतका दुखतो की काही घरं हात टेकतात आणि शेवटच्या इंजेक्शनचं विचारतात. आजही विचारलं गेलं. मी नाही म्हटलं, आणि ते ठामपणे म्हणण्याइतका या आजाराचा मला अनुभव आहे. बहुतेक पिल्लं यातून उठतात. मात्र तोवर त्यांना सांभाळणं हे अंगमेहनतीचं काम आहे. जाड गादी, दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं, कोपरावर जखम होऊ न देणं, तोंडाशी पाणी नेणं, आणि वेळेवर वेदनाशामक.

वेदनाशामक कुठलं हे लिहून द्यावं लागतं. रात्री घाबरून घरातली गोळी दिली जाते. माणसांसाठीचं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठरात व्रण करतं, मूत्रपिंडं बिघडवतं. कुत्र्यांसाठी मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन आहेत, तीही वजनावर मोजून आणि पोट रिकामं नसताना. पूर्वी या आजारात क जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देत, त्याने काही साधत नाही. मुलीला सलाइन लावून मागच्या खोलीत ठेवली.

साडेदहा

हातकणंगले तालुक्यातून सुलतान आला. ग्रेट डेन, नर, साडेचार महिने, काट्यावर 31 किलो. गाडीतून त्याने स्वतःच उडी मारली आणि माझ्या पोटात गोळा आला.

"मॅडम, पाय बसायलेत बघा. कॅल्शियम वाढवू का?"

मनगटं आतल्या बाजूला झुकलेली, पंजे पसरलेले, कोपरं बाहेर. त्याला काय काय देता हे विचारलं. सकाळी एक लिटर म्हशीचं दूध, चार अंडी, पिल्लांचं तयार खाद्य भांडं भरून दिवसभर पुढ्यात, संध्याकाळी चिकन, कॅल्शियमची बाटली सकाळ-संध्याकाळ, वर हाडांची पूड. प्रेमात कुठे कमी नव्हती. कोल्हापूरकडे जनावर पाळायचं म्हणजे खुराक द्यायचा, आणि खुराक दिसायला हवा.

ग्रेट डेनचं पिल्लू जन्मताना अर्ध्या किलोच्या आसपास असतं आणि दीड वर्षात 50 ते 70 किलोवर जातं. वजन पुढे धावतं आणि हाडं मागून येतात. कूर्चेचं हाडात रूपांतर व्हायला वेळ लागतो आणि तो खुराकाने कमी होत नाही. जास्त खाऊ घातलं तर पिल्लू अंतिम उंचीपेक्षा मोठं होत नाही, ते फक्त लवकर जड होतं, आणि तो भार अजून न पिकलेल्या सांध्यांवर पडतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात 1974 मध्ये ग्रेट डेनच्याच पिल्लांवर हे पाहिलं गेलं होतं. मनसोक्त खाल्लेल्या पिल्लांची हाडं आणि सांधे मोजून खाणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडले.

मग कॅल्शियम. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाचं 1985 चं काम ग्रेट डेनवरचंच आहे आणि मी ते मालकांना पुन्हा पुन्हा सांगते. मोठं कुत्रं आतड्यातून गरजेपुरतं कॅल्शियम घेतं, बाकीचं सोडून देतं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला तो आवर नसतो. पुढ्यात जितकं येईल त्यातला मोठा हिस्सा रक्तात जातो. जास्तीचं कॅल्शियम कूर्चेचं हाड होण्याची क्रियाच अडवतं. मनगटाजवळची अल्नाची पट्टी या थोराड जातींत आधीच नाजूक, आणि त्या हाडाची सुमारे 85 टक्के लांबी तिथूनच वाढते. ती थबकली आणि शेजारचं रेडियस वाढतच राहिलं की पाय धनुष्य होतो. म्हणजे पाय सरळ करायला दिलेली बाटली पाय वाकवते.

तयार खाद्य घ्यायचं तर थोराड जातीच्या पिल्लांसाठीचं घ्या, ज्यात कोरड्या वजनाच्या 1.2 ते 1.8 टक्क्यांदरम्यान कॅल्शियम असतं. त्यावर कशाचीही भर घालायची नाही. बाटली आणि पूड आजपासून बंद. भांडं दिवसभर पुढ्यात नको. खाणं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून, तीन वेळा. बरगड्या दिसू नयेत पण हात फिरवला की बोटांना लागाव्यात, कंबर वरून बघताना आत गेलेली असावी.

"लोकं म्हणतील, उपाशी ठेवलंय."

म्हणतील. त्याच्याही तयारीने घरी जा, असं मी सांगितलं.

दुपारी बारा

सुलतानचे एक्स-रे. अल्नाची पट्टी उघडी आहे, कोपरात फट नाही. वेळेत आला. फळी-पट्टी बांधायचा आग्रह होता, तो मी मोडून काढला. या वयात पाय बांधून ठेवला की स्नायूबंध आणखी ढिले पडतात. खडबडीत जमीन, कापलेली नखं आणि बेताचं वजन यावर बरीचशी मनगटं आठवड्यांत सावरतात. दर पंधरा दिवसांनी त्याच कोनातून फोटो काढायला सांगितला. सुधारणा इतकी हळू असते की रोज बघणाऱ्याला ती कळत नाही.

त्यानंतर लगेच नेमकं उलटं प्रकरण. बुलमॅस्टिफचं पिल्लू, तीन महिन्यांचं, नुसत्या बोनलेस चिकनवर आणि भातावर वाढवलेलं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही, म्हणून शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. एक्स-रेत हाडं इतकी विरळ की मांसातून वेगळी काढावी लागत होती, मांडीच्या हाडाला आपसूक तडा गेलेला. याला कॅल्शियम लागणार आहे, समतोल खाद्यातून आणि माझ्या नजरेखाली. सोबत आलेल्या आजी म्हणाल्या, "रोज उन्हात बसवतो की." माणसाच्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होतं, कुत्र्याच्या कातडीत पुरेसं होत नाही. त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. म्हणून इंजेक्शनं घेत सुटायचं असंही नाही, ड जास्त झालं तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं.

एकाच वाक्यात "कॅल्शियम द्या" किंवा "देऊ नका" असं मी कुणालाच सांगत नाही. आधी ताटात काय आहे ते विचारते.

दोन वाजता डबा, आणि डेन मादीचा ताप 103.5 वर आला होता.

साडेतीन

आठवड्यातून एक दुपार घरी जाऊन बघण्यासाठी ठेवलेली असते. पायांचं निम्मं दुखणं घराच्या बांधणीत असतं आणि ते दवाखान्यात बसून दिसत नाही.

करवीर तालुक्यातला नवा बंगला, दिवाणखान्यात आरशासारखी चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी. ग्रेट डेनचं पाच महिन्यांचं पिल्लू मला बघून धावत आलं आणि चारी पाय चार दिशांना गेले. असं दिवसातून कितीदा होतं, विचारलं. कुणी मोजलं नव्हतं. पिल्लू झोपतं त्या कोपऱ्यापासून दारापर्यंत आणि खाण्याच्या भांड्याखाली गोणपाट किंवा रबरी चटई टाकायला सांगितली. ओसरीच्या पायऱ्यांना फळीचा उतार. बोलेरोत चढवताना आणि उतरवताना पुढून-मागून दोघांनी उचलायचं, आणि उचलता येत नसेल तेव्हा तीच फळी लावायची.

नॉर्वेत 2012 मध्ये न्यूफाउंडलंड, लिओनबर्गर, आयरिश वुल्फहाउंड आणि लॅब्रडॉर पिल्लांवर केलेलं एक निरीक्षण मला फार उपयोगी पडतं. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढणाऱ्या पिल्लांत खुब्याचा दोष जास्त आढळला, आणि मऊ, चढउताराच्या जमिनीवर मोकळं हुंदडणाऱ्यांत कमी. म्हणून मी पिल्लाला कोंडा म्हणत नाही. उसाच्या बांधावरची मऊ माती त्याच्यासाठी उत्तम. तिथे त्याला त्याच्या मर्जीने पळू द्या, थांबलं की थांबू द्या. दुचाकीमागे डांबरी रस्त्यावर पळवणं, चेंडूमागे वळवून वळवून थकवणं, मोठ्या कुत्र्यांशी झोंबाझोंबी, हे दीड वर्षाचं होईपर्यंत नको.

घरातले आजोबा तालमीतले. कान अजून सांगतात. सगळं ऐकून म्हणाले, "खुराक न्हाई, मेहनत न्हाई, मग अंग कसं भरायचं वं?"

मी त्यांनाच विचारलं, आखाड्यात नवं कोवळं पोर आलं तर वस्ताद पहिल्याच दिवशी त्याच्या हातात जड जोडी देतात का?

ते थोडा वेळ पिल्लाकडे बघत राहिले. मग नातवाला म्हणाले, "गुऱ्हाळातला काटा स्वच्छ धुऊन घे. दर रविवारी ह्याचं वजन करायचं आणि वहीत लिवायचं." त्या घरात आता माझं काम निम्मं झालं.

संध्याकाळी सहा

दिवसातली सगळ्यात अवघड भेट. सेंट बर्नार्डची मादी, सव्वाचार महिने, शहरातल्या फ्लॅटमधली. सकाळच्या व्हिडिओत जोडून उडी मारणारी हीच. मांडी वर ढकलून हळूहळू बाहेर फिरवली की खुब्याचा गोळा खोबणीत परत बसताना हाताला टक् लागतो. दोन्हीकडे लागला. गुंगी देऊन एक्स-रे काढल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण सैलपणा आहे.

जोडपं तरुण आहे. रडून झाल्यावर त्यांनी विचारलं की आमचं काय चुकलं. खुब्याचा दोष मुळात वंशातून येतो, हे मी आधी सांगितलं, कारण ते खरं आहे. पिल्लू घेताना आईवडिलांचे खुब्याचे एक्स-रे मागणारा गिऱ्हाईक आपल्याकडे क्वचितच भेटतो. पैदास करणाऱ्यांनी ते काढून ठेवणं आणि घेणाऱ्यांनी मागणं सुरू झालं, तर माझ्या टेबलावरची कितीतरी पिल्लं इथवर येणारच नाहीत. याबद्दल मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते.

पण वंशातून आलेल्याचं पुढे किती बिघडेल हे बरंचसं वजनावर ठरतं. अमेरिकेत 48 लॅब्रडॉर पिल्लांच्या जोड्या लावून, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांत खुब्याचा दोष कितीतरी कमी निघाला. हे 1992 मध्ये छापून आलं. त्याच कुत्र्यांना पुढे आयुष्यभर बघितलं, तेव्हा मोजून खाणारे सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगले. ही माहिती मी छापून भिंतीवर लावली आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. ओटीपोटाच्या तळाशी असलेली वाढीची पट्टी लवकर बंद केली की खोबण खुब्याच्या गोळ्याला जास्त झाकते. ही छोटी शस्त्रक्रिया साधारण वीस आठवड्यांच्या आतच उपयोगी पडते, आणि जितकी लवकर तितकी चांगली. ही मादी अठरा आठवड्यांची आहे. दार उघडं आहे, पण फार दिवस नाही. गर्भाशय काढायचं ऑपरेशन मात्र आत्ता नको. थोराड जातीत वाढ पूर्ण होण्याआधी ते केलं तर सांध्यांच्या तक्रारी वाढतात.

उद्या सकाळी आठला एक्स-रे ठरवला.

रात्री नऊ

मागच्या खोलीत डेन मादी. ताप 102.5. तिने पातळ करून दिलेलं खाणं चाटलं आणि मी कूस बदलायला गेले तर पुढचा एक पाय स्वतःहून खाली टेकला. पुन्हा ताप चढू शकतो, या आजारात तसं होतं, म्हणून आज रात्री मदतनीस इथेच झोपणार आहे. घरच्यांना फोन करून टेकलेल्या पायाचं सांगितलं आणि चढू शकणाऱ्या तापाचंही.

शेवटचा फोन सेंट बर्नार्डच्या घरी. रात्री दहानंतर खाणं बंद, पाणी सकाळी सहापर्यंत चालेल. लिफ्टपर्यंत चालवत आणा, पायऱ्या उतरवू नका. येताना तिची लसीकरणाची वही आणा, आणि ज्यांच्याकडून घेतली त्यांना विचारून तिच्या आईच्या खुब्याचा एक्स-रे कधी काढला असेल तर तोही घेऊन या.